कार्डिफचं वाईट रेकॉर्डिंग

जॅम बँडची लाइव्ह रेकॉर्डिंग कुठून ऐकायला सुरुवात करावी, असं कुणी विचारलं की आम्ही चाहते एकदम मदतीला धावतो आणि विचारणारा पुन्हा कधी दिसत नाही. प्रश्नच तसा आहे. माझा आवडता बँड गाणं सुरू करतो, दोन कडवी झाली की ते सोडून वाटेल तिकडे जातो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी, मनात आलं तर, परत येतो. रोज वेगळ्या वाटेने. त्यात प्रेक्षकांना रेकॉर्डिंग करायची पूर्ण मुभा. त्यामुळे एकाच गाण्याची शेकडो रेकॉर्डिंग आहेत आणि प्रत्येकाबद्दल कुणाचं तरी ठाम मत आहे. माझंही आहे, फक्त ते बरोबर आहे.

वीस वर्षं मी या मतांची देवाणघेवाण एकाच बाईशी केली. ती माझ्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती, मूळची वेल्सची. बँड इकडे ब्रिटनमध्ये आला की आम्ही दोघी जायचो. ती टोपीला माइक लावून रेकॉर्डिंग करायची, मी शेजारी चार तास तोंड मिटून उभी राहायचे. गेल्या वर्षी ती रिटायर होऊन मुलीकडे न्यूझीलंडला गेली. जाण्याआधी तिने आमच्या ब्रिस्टलमधल्या कार्यक्रमाची दोन तिकिटं काढली होती, ती दोन्ही माझ्या फोनवर पाठवून दिली. आता त्रेपन्नाव्या वर्षी गर्दीत एकटीने उभं राहायची मला हौस नव्हती. ओळखीच्या बायकांना, अगदी लेकीलाही विचारून पाहिलं. सगळ्यांना नेमकं त्याच शनिवारी काहीतरी होतं. काय, ते कुणालाच पटकन आठवत नव्हतं. उरला नवरा.

तो कौन्सिलमध्ये पार्किंगचे आराखडे करतो आणि घरीही त्याच विषयावर बोलतो. संगीताशी त्याचं वैर नाही. ते तीन मिनिटांत संपावं, एवढीच अपेक्षा. आमच्याकडे नियम असा की जो गाडी चालवेल त्याने काय ऐकायचं ते ठरवायचं. गाडी कायम तोच चालवतो, म्हणून मी लग्नापासून मोटरवेवर ट्रॅफिकच्या बातम्या ऐकत आले आहे. अडकलेली कुठलीही लॉरी मला परकी नाही.

मग त्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नेमका त्याच आठवड्यात लेकीला ग्लासगोत नवीन फ्लॅट मिळाला. तिची खोकी पोचवायची होती. ब्रिस्टल ते ग्लासगो, सात तास, स्टिअरिंग माझ्या हातात. लेकीला फोनवर बेत सांगितला.

"आई, प्लीज, तुझा बँड नको," ती म्हणाली. "बाबा बर्मिंगहॅमला उतरून चालत सुटेल."

मी तीन रेकॉर्डिंग निवडली. जाणकारांच्या मते सर्वोत्तम, आवाज थेट स्टेजवरच्या मिक्सरमधून घेतलेला, अगदी स्वच्छ. ती ऐकून तो खूश होईल, मग मी सहज तिकिटाचा विषय काढेन, अशी योजना होती. तीस वर्षं संसार केलेल्या बाईने इतकं भाबडं असू नये.

ग्लॉस्टरच्या आसपास पहिलं लावलं. बारा मिनिटांनी त्याने विचारलं,

"यांची वाद्यं लावून झाली का?"

"अरे, हे गाणंच आहे."

"कधी सुरू झालं?"

मी समजावून सांगायला गेले, हे आणखी चुकलं. "ही बास गिटार बघ, कशी वर येतेय."

"कुठून?"

"खालून."

"बरं," तो म्हणाला. हे 'बरं' मला माहीत आहे. शेजारी क्रूझचे फोटो दाखवतात तेव्हा तो हेच वापरतो.

बर्मिंगहॅम गेलं. तो उतरला नाही, पण त्याचं श्रेय कुठेही न थांबणाऱ्या ट्रॅफिकला. दुसऱ्या रेकॉर्डिंगला म्हणाला, "हे मघाचंच आहे ना?"

"गाणं तेच, कार्यक्रम वेगळा."

"मग एकदाच नीट वाजवून टाकत का नाहीत?"

तिसरं प्रेस्टनच्या पुढे संपलं. फोनला हात लावायच्या आत पुढचं आपोआप सुरू झालं. ते मैत्रिणीने कार्डिफला केलेलं होतं, माझ्याकडचं सगळ्यात वाईट. माइकजवळ कुणी बोलायचं नाही, हा आमच्यातला अलिखित नियम. त्या दिवशी तिच्या मागे उभे असलेले दोघे तो न वाचताच आले होते. अशा रेकॉर्डिंगपुढे लोक 'बडबड आहे' असं लिहून ठेवतात आणि मग ते कुणी उघडत नाही. मीही निव्वळ तिला वाईट वाटू नये म्हणून ठेवलं होतं.

"बंद कर रे ते," मी म्हटलं. त्याने हात पुढे केला आणि थांबला. गिटारच्या वरून एक आवाज म्हणत होता, गाडी तिसऱ्या मजल्यावर लावली ना? दुसरा म्हणाला, तिसऱ्या की चौथ्या? तिकीट तुझ्याकडे होतं. आणि गेट अकराला बंद होतं म्हणे.

नवरा सरळ बसला. "हे कुठलं?"

"कार्डिफ."

"म्हणजे हॉलच्या मागचं मल्टिस्टोरी पार्किंग! अगं, अकराला खरंच बंद होतं ते. आणि चौथ्यावरून खाली यायला रॅम्प एकच. किती वाजलेत त्यांचे?"

"शेवटचं गाणं आहे. साडेदहा असतील."

"आणि हे अजून उभे? अरे, निघा की!" हे डॅशबोर्डला उद्देशून.

ते निघाले नाहीत. बँडने गाणं सोडलं आणि भटकायला सुरुवात केली. ते दोघे मध्येच एखादं वाक्य बोलायचे. ते निसटू नये म्हणून नवरा स्पीकरकडे कान लावून बसला. बोलणं कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे मधलं सगळंही त्याला ऐकावं लागत होतं. इतकं लक्ष देऊन त्याने माझंही कधी ऐकलेलं नाही. डोंगर आले, पाऊस आला, गेला. मग गिटार हळूहळू वळायला लागली. अजून कुणाला कळावं असं त्यात काही नव्हतं.

"हं, आलं परत ते मघाचं," तो म्हणाला.

ही जागा ओळखायला मला तीन कार्यक्रम लागले होते. मी रस्त्यावरची नजर काढली नाही. कौतुक केलं असतं तर त्याने तत्त्वाखातर बंद केलं असतं.

लोकांचा आरडाओरडा झाला आणि आवाज तुटला.

"गाडी मिळाली का?"

"इथेच संपतं. तिची बॅटरी गेली."

"असं कसं?" तो खरोखरच नाराज झाला. स्कॉटलंडची हद्द लागली. मग म्हणाला, "ते दुसरं तिकीट कुणाला दिलंस?"

मी त्याला तिकिटाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. "तुला कुणी सांगितलं?"

"लेकीने. दोन आठवडे झाले."

"मग बोलला का नाहीस?"

"तू गावभर विचारत होतीस. म्हटलं, माझा नंबर येईल तेव्हा येईल."

मी सरळ माहिती दिली. "उभं राहावं लागतं. चार तास. तोंड बंद ठेवून."

"मध्यंतर?"

"आहे."

"मग जाऊ."

मोटरवेवरच्या पुढच्या थांब्याला, सर्व्हिसेसला, गाडी घेतली आणि तिकीट लगेच त्याच्या फोनवर पाठवून टाकलं. चहा त्यानंतर.