कौसामावशींचा ड्रम

कुणाच्याही गच्चीवर गेल्या की कौसामावशी आधी वेलाची काकडी तोडायच्या, पदराला पुसायच्या आणि करकरून खायच्या. धुवायच्या नाहीत. बाया हसल्या की म्हणायच्या, "हसा की! बाजारातली अशी खाऊन दाखवा बरं." सत्तरीचं वय, दात जेमतेम, पण शिकवण्याची रीत लगेच पटणारी.

आम्ही दोघींनी एका संस्थेत परसबागेचं शिक्षण घेतलं होतं. पुढं गल्लीतल्या बायांना फुकट शिकवायचं, ही अट. मी बारावी पास, सगळं वहीत उतरवणारी. मावशींना अक्षर येत नव्हतं. पण दहा झाडांचा पाला ड्रममध्ये कुजवून फवारणीचा अर्क करावा तर त्यांनीच. वास असा, की शेजारी खिडक्या लावून घेत. "नाक धरा, पन जीव वाचवा," असं वर त्यांनाच ऐकवायच्या.

एकदा बाया माझी गच्ची बघायला येणार होत्या आणि नेमका तेव्हाच वेलांवर मावा चढला. मावशींचा अर्क मारला, पण गुण यायला आठवडा लागतो. तेवढा धीर मला कुठला! चारचौघींत नाक कापलं जाईल, एवढंच डोक्यात. नवऱ्याला वाळूजच्या कारखान्यातून येताना विषारी औषधाची बाटली आणायला लावली आणि फवारलं. दोन दिवसांत मावा साफ.

बाया आल्या. मावशींनी काकडीला हात घातला.

"मावशी, धुऊन देते," मी पुटपुटले.

"कशाला गं? तुझ्या बागंत इख असतंय व्हय?"

बाकीच्यांना मी चहाच्या निमित्तानं घाईघाईनं खाली नेलं. मावशींना मात्र थांबवलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांना उलट्या सुरू झाल्या, सलाइन लावावं लागलं.

तिसऱ्या दिवशी सगळं सांगून टाकायचं ठरवून गेले, तर मावशी अंगणात ड्रम आडवा करत होत्या.

"माझ्याच अर्कात कायतरी चुकलं बघ. भलताच पाला पडला आसंल. बरं झालं, मीच खाल्ली. लेकरांनी खाल्ली आसती तर? आता नाय शिकवायची मी कुनाला. तूच शिकव, तुझा हात चोख हाय."

सांगायचं बाजूलाच राहिलं, उलट ड्रम रिकामा करायला मीच हात लावला. इतकी भेकड मी असेन, असं मला वाटलं नव्हतं.

वर्षभरानं मावशी गेल्या. वयानं गेल्या, असं सगळे म्हणतात. तरी मन खातंच.

आता गल्लीत मीच शिकवते. परवा एका नव्या सुनेनं विचारलं, "कौसाआजी लई भारी शिकवायच्या म्हणं. मग सोडलं कशामुळं?"

"चुकायला लागल्या होत्या," मी म्हणाले.