धर्माजीने बुडवलेली बाई

धर्माजी आमच्याच कोळीवाड्यातला, पण तरुणपणी त्याचा हात वल्ह्याला लागला नाही. मुंबईत एका थेटरात तो चित्र सांगायचा. तेव्हा पडद्यावरची माणसं बोलत नसत. मध्येच इंग्रजी अक्षरं यायची, ती पुढच्या बाकांवरच्या लोकांना वाचता येत नसत. मग पडद्याशेजारी उभं राहून धर्माजी गोष्ट सांगायचा. इंग्रजी त्यालाही येत नव्हतं. थेटरातला कारकून एकदा सगळं समजावून द्यायचा, पुढचं धर्माजीच्या तोंडावर. गोऱ्या बाईचं नाव तो काशी ठेवायचा. पडद्यावर बर्फ दिसलं की बेधडक सांगायचा, "हे मिठागर." लोक माना डोलवायचे. पुढे बोलपट आले, त्याचं काम गेलं, आणि बत्तीस साली घरी येऊन तो जाळी विणायला बसला.

असल्या माणसाबद्दल काय लिहायचं, असं कोणी म्हणेल. पण आमच्या जमातीने त्याला जी शिक्षा केली ती आठवली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमच्या वाड्यातल्या राहीचा नवरा सदा तीस साली होडीसकट गेला. देह सापडला नाही. सात वर्षं राही पहाटे उठून डोक्यावर पाटी घेऊन बोर्लीच्या बाजारात जात होती. दीर अंबाजीच्या होडीची सगळी मासळी तीच विकायची. सदतीस साली आगरदांड्याच्या भागोजीने तिला मागणी घातली. विधवेचा पाट आमच्यात पहिल्यापासून लागतो, त्यात पाप नाही. फक्त जमातीने होकार द्यायचा असतो. देह सापडला नव्हता, एवढीच अडचण. तरी माणसं हो म्हणायच्या बेतात होती.

तेवढ्यात बोर्लीला तंबूत बोलपट आला. सगळा वाडा बघायला गेला. त्यात होडी चालवणारा एक तांडेल वादळात हरवतो, बायको दुसऱ्याचं घर करते, आणि तांडेल परत येतो! मग ती बाई लाजेने कड्यावरून समुद्रात उडी घेते. तंबूत काय टाळ्या पडल्या! बाई मेली म्हणून टाळ्या. माझ्या शेजारच्या बायकासुद्धा डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे जमातीची पंचायत बसली. अंबाजी म्हणाला, "काल बघितलात ना? उद्या सदा आला तर?"

झालं. काल हो म्हणणारे आज खाली बघायला लागले. शिनेमा लिहिणारा कोण, त्याने कधी मासळीची पाटी उचलली होती का, कोणी विचारलं नाही.

धर्माजी उठला. "मी सांगतो. हीच कथा मी परदेशी चित्रात धा वर्सांमागं सांगितली हाय. थंड मुलखातले मासेवाले. त्यांच्यातबी नवरा परत येतो. बायको त्याला आत घेते, जेवाया वाढते, आन तोंडावर सांगते, तू नव्हतास तवा ह्यानं माझी पोरं जगवली. शेवटाला ती दारात उभी ऱ्हाते. जिती. त्या चित्रवाल्याला बाई मारावी नाय लागली."

अंबाजी हसला. "धर्मा, मी सुकी मासळी घेऊन मुंबईला यायचो, तवा ते चित्र तुझ्याच तोंडून ऐकलं हाय. काशी पाण्यात गेली, असं तूच बोंबलत होतास. मी रडलो होतो रं! आता जिती कशी झाली?"

हशा पिकला. एकजण म्हणाला, "मिठागरात सापडली आसंल!"

धर्माजी हसला नाही. म्हणाला, "व्हय. खोटं बोललो. चित्रात ती समुद्राकडं बघते, आन थेटरातले दिवे लागतात. तेवढ्यात मी ओरडायचो, गेली, पाण्यात गेली! लोक रडायचे, मालक खूश व्हायचा. ती मेली न्हाय, अंबाजी. मी मारली. दोन मोसम, रोज."

"मंग आज खरं बोलतोस कशावरून?"

तेवढ्यात राही बायकांमधून पुढे आली. "भावोजी, तुमाला सदाची वाट बघायची हाय का माझ्या पाटीची?"

तेव्हा नीराबाई उठली. सदाची आणि अंबाजीची आई, सत्तरीची. "अंब्या, सदा माझ्या पोटचा व्हता. तो बुडाला, हे मी मानलं. तू कोन न मानणारा?"

तरीही जमातीने होकार दिला नाही. आठवड्याने नीराबाई स्वतः सुनेला घेऊन दिघीहून होडीने आगरदांड्याला गेली आणि पाट लावून दिला. आमच्या वाड्यातून तिसरा माणूस गेला तो धर्माजी.

ते दोघं परत आल्यावर जमात पुन्हा बसली. नीराबाईला बोलायची कोणाची छाती नव्हती, राही हातची गेली होती. मग शिक्षा कोणाला? धर्माजीला. राहीला साथ दिली म्हणून नव्हे, तसं म्हणायची लाज वाटली असावी. परक्या शहरात लोकांना खोटं सांगून रडवलं, हा गुन्हा ठरला! वर्षभर कोणी त्याला जाळ्याचं काम द्यायचं नाही, त्याच्या दारी जायचं नाही. ठरवणारा अंबाजी. ज्या खोट्यावर तो राहीला अडवत होता, त्याच खोट्याबद्दल.

देवाला हात जोडताना मी कोणाचं वाईट मागत नाही. पण त्या दिवशी देवळाच्या पायरीवर बसून हे ठरलं, आणि देवाने ते ऐकून घेतलं, याचा मला देवाचाही राग आला.

मी धर्माजीच्या दारी गेले. आमचं फाटलेलं जाळं घेऊन, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. तो म्हणाला, "वैनी, तुमालाबी वाळीत टाकतील."

म्हटलं, "टाकू देत. जाळं कधी मिळेल ते सांगा."