तांब्याभर पाणी

माझ्या सासऱ्यांनी पाणी पिणं सोडलं ते माझ्यामुळे. इतक्या वर्षांत हे मी कुणाला बोललेली नाही. आता बोलूनही काही फरक पडायचा नाही, पण निदान एकदा खरं लिहून तरी ठेवावं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. डहाणूला भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. मी, नवरा आणि मामंजी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मामंजी रेल्वेतून रिटायर झालेले, सगळी उमर तिकीटखिडकीमागे काढलेली. माणूस कडक. स्वतःचं धोतर स्वतः धुणार, जेवलं की ताट स्वतः उचलणार. माझ्याशी बोलणं म्हणजे "सूनबाई, चहा" आणि "सूनबाई, दार लावून घे". मी डोक्यावरचा पदर सावरत हो म्हणायचे. दोघांचं बरं चाललं होतं.

मग अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. डाव्या हाताने जेवायचं म्हणून पहिले आठ दिवस ते ताटाकडे बघेनात. पुढे शिकले. सदऱ्याची बटणं लागेनात, तेव्हा मी पुढून उघडी, दोन बंदांची बंडी शिवून दिली; तीही चालवून घेतली. एका गोष्टीला मात्र तोड निघेना. संडास परसात होता, विहिरीच्या पलीकडे, तीन पायऱ्या चढून. आत उकिडवं बसायचं. त्यांना धरून न्यायला, बसवायला, धुवायला, पुन्हा उठवायला माणूस लागायचा. लघवीसाठी खाटेखाली डबा ठेवला, तर डाव्या हाताने तो सावरेना, आणि भरला तर रिकामा करायला मीच.

नवरा झरीच्या शाळेत मास्तर. पहाटेच मामंजींचं सगळं आवरून तो एसटी धरायचा, तलासरीला उतरून पुढे मिळेल त्या गाडीने जायचा. परतायला संध्याकाळ. मधल्या अकरा-बारा तासांत घरात माणूस म्हणजे मी, आणि मी पडले सून.

तोड शेवटी मामंजींनीच काढली. पाणी प्यायचं नाही. मी सकाळी उशाशी तांब्या-भांडं भरून ठेवायचे, दुपारी तांब्या होता तसाच. तो उचलून मी मागच्या दारी तगरीला ओतायचे आणि ताजा भरून ठेवायचे. संध्याकाळी नवरा यायच्या आत पुन्हा ओतायचे आणि तांब्या रिकामाच ठेवायचे. त्या उन्हाळ्यात आमची तगर काय फुलली! शेजारणी फुलं मागायला यायच्या.

मला कळलं नव्हतं असं नाही. पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. भांडी घासायला पाड्यावरची एक म्हातारी यायची. ती सगळ्यांनाच अरे-तुरे करायची. तिने तर तोंडावर विचारलं, "बाई, बाबा पानी नाय पित. तुला ठावं नाय का?" मी म्हटलं, तहान नसेल. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग खाटेशी जाऊन म्हणाली, "चल बाबा, ऊठ. मी नेते." मामंजींनी भिंतीकडे तोंड केलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि काही काम नसताना डबे पुसत बसले.

लाज त्यांना होती तशी मलाही होती. पण लाज हे सांगायचं कारण झालं. खरं म्हणजे मला ते काम नको होतं. चोवीस वर्षांची मी, त्या घाणीला आणि त्या उघड्या म्हातारपणाला भीत होते. त्यांनी विचारलं नाही, आणि त्यांनी विचारू नये म्हणून मी देवाला हात जोडत होते.

लघवीला आग व्हायला लागली तेव्हा डॉक्टर घरी आले. "पाणी किती पितात?" मामंजी माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "दिवसाला दोन तांबे होतात." नवऱ्याने मान डोलावली, रिकामा तांब्या त्यानेही पाहिला होता. न पिण्याचं सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण कळल्यावर माझी सुटका नव्हती. मामंजींनी डोळे मिटून घेतले. आम्हा दोघांचं एवढं एकमत आयुष्यात पुन्हा कधी झालं नाही.

वैशाखात एकदा दुपारी त्यांनी हाक मारली. "सूनबाई." नुसती तेवढीच, पण आवाज वेगळा होता. चहाची वेळ नव्हती. मी समजले. आणि समजून काय केलं, तर शेजारच्या काकांना बोलवायला धावले. ते गुजराती, मामंजींशी त्यांचं चांगलं होतं. काकी म्हणाल्या, "ए तो वाडीमां गया छे." ते वाडीत गेलेले, हे कळूनही मी तिथेच ओट्यावर उगाच उभी राहिले. किती वेळ, सांगवत नाही.

परत आले तर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मामंजी डाव्या हाताने पंचा घेऊन पुसायला बघत होते आणि जास्तच माखत होतं. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. "जा," म्हणाले. आणि मी गेले. एरवी हजार गोष्टींत उलट विचारणारी मी, त्या दिवशी कशी आज्ञाधारक झाले! दाराबाहेर पायरीवर बसून राहिले, नवरा येईपर्यंत. तेवढा वेळ ते आत तसेच होते.

त्यानंतर त्यांनी जेवणही निम्म्यावर आणलं. पावसाळ्याच्या तोंडाशी लघवी बंदच झाली, अंगावर सूज आली, तेव्हा दवाखान्यात हलवलं. तिथे एक नर्स होती, माझ्याच वयाची. आली, "आजोबा, कंबर उचला बघू," म्हणत भांडं सरकवलं, पुसलं, चादर ओढली आणि गेली. सगळं एका मिनिटात. मामंजी तिच्यापुढे लाजलेही नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाणी." पण किडन्या निकामी झाल्या म्हणून डॉक्टरांनी आता घोटापुरतंच द्यायला सांगितलं होतं. मी चमच्याने ओठ ओले केले. ते चमचा सोडेनात. तीन दिवसांनी गेले.

गेलेल्या माणसाच्या जागी आमच्यात दिवा लावून पाणी ठेवतात. सकाळी बघतात, पाणी कमी झालं की तो पिऊन गेला. मामंजींचाच तांब्या ठेवला होता. पहिल्या दिवशी त्यांच्या बहिणीने वाकून पाहिलं. "भरलेलाच आहे गं. नाही प्याला माझा भाऊ." दुसऱ्या दिवशीही तेच. नवऱ्याचा चेहरा मला बघवेना.

तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी उठले. तांब्या उचलला, मागच्या दारी जाऊन अर्धं पाणी तगरीला ओतलं आणि तो होता तिथे ठेवून दिला.

आत्याबाईंनी पाहिलं आणि रडायलाच लागल्या. "प्याला गं बाई, प्याला." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं. "प्यायले."