न्हाणीचं दार बाहेर उघडायचं

आमच्या जवाहरनगरच्या क्वार्टरमधली सगळी दारं आत उघडायची. आसगावच्या घराचंही तसंच. आलेल्या माणसानं दार ढकलून सरळ आत यावं, एवढंच त्यामागे असेल असं मला वाटायचं.

मी कॉलेजात होते तेव्हा आजोबा आसगावहून आमच्याकडे राहायला आले. त्यांना भोवळ यायची. एका सकाळी ते न्हाणीत पडले. कडी जुनी होती, बाबांच्या धक्क्यानं निघाली, पण दार उघडेना. आजोबा दाराला टेकूनच पडले होते. जोरानं ढकलावं तर त्यांनाच लागणार. बाबा खांदा लावून बोटबोटभर दार सरकवत राहिले, आई फटीतून हाका मारत राहिली. मी मागे टॉवेल घेऊन उभी होते. फार लागलं नव्हतं, खांदा खरचटला होता. पण त्या दिवसापासून बाबांनी कडी लावायला मनाई केली. दार नुसतं लोटायचं.

आजोबांनी आंघोळच सोडली. तिसऱ्या दिवशी धोतरं पिशवीत भरली आणि आसगावला परत जायला भंडाऱ्याची बस किती वाजता असते ते मला विचारलं. आसगावात आता त्यांच्याजवळ कोणी नव्हतं. तिथे भोवळ आली असती तर कळायलाच संध्याकाळ झाली असती. आई वैतागली. जन्मभर तलावावर उघड्यावर आंघोळ केली, आता एका कडीचं काय एवढं, म्हणाली.

"तिथी सारे गडीमाणसं राहत," आजोबा म्हणाले. "इथी सून हाये, नात हाये."

मला त्यांचं म्हणणं इतकं कळलं की मान वर करवेना. पाहुणे आले की मीसुद्धा दार लावूनच बसायची. माझ्या इंग्रजी शाळेत आम्हाला पुष्कळ बोलायला शिकवलं होतं, पण घरातल्या मोठ्यांच्या मध्ये कसं बोलायचं ते मला येत नव्हतं.

बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, पण तिथलं घरी काही सांगत नसत. एकदाच बोलण्याच्या ओघात म्हणाले होते की स्फोटकांच्या इमारतींची दारं बाहेर उघडतात, आतल्या माणसाला पळताना नुसतं ढकलता यावं म्हणून. त्या संध्याकाळी त्यांना चहा देताना मी हळूच म्हटलं, "बाबा, न्हाणीचं दार तसं केलं तर?"

बाबा कप ठेवून उठले आणि न्हाणीच्या दाराच्या बिजागऱ्या पाहून आले. मग आजोबांना म्हणाले, "रविवारपर्यंत थांबा."

सुतार कुरकुरला. येणाऱ्याच्या अंगावर येणारं दार घराला शोभत नाही, म्हणाला. तरी त्यानं बिजागऱ्या फिरवून दिल्या. आतून बाबांनी बारीक तारेचा आकडा लावला, बाहेरून हिसका दिला की निघेल असा. सोमवारी आजोबांनी आकडा अडकवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तांब्यानं पाणी घेतल्याचा. आई स्वयंपाकघरात उगाचच भांडी सारखी करत होती.

न्हाणीपुढचा बोळ अरुंद होता. पहिल्याच आठवड्यात दार आईच्या कोपराला लागलं. आजोबा फार ओशाळले. गावाकडे सुना घरात वावरत असल्या की म्हातारी माणसं आत येण्याआधी खाकरतात. आजोबा आता बाहेर येण्याआधी खाकरू लागले.

"कोन हाये?"

"मी आहे, आजोबा."

"सरक, माय."

मी भिंतीला पाठ लावून उभी राही. मग दार अगदी सावकाश उघडे.