मक्याची बाहुली आणि केबल टाय

सनाच्या बाहुलीच्या मानेला काळा केबल टाय बघून माझं डोकंच फिरलं. केबल टाय म्हणजे वायरी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी. टोक ओढलं की आवळते, काम संपलं. हा उद्योग सलीमभाईंचा, सनाच्या वडिलांचा. थेरगावात त्यांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. दुखापतीनंतर हाताला रोजची कामं परत शिकवणं हा माझा धंदा. दुसरीतल्या सनाचं प्लॅस्टर निघालं होतं, हाड जुळलं होतं, पण उजवा हात ती वापरायलाच तयार नव्हती. डबा डाव्या हाताने, लिहिणं तर बंदच. असंच चाललं असतं तर बोटं आखडली असती.

ऑक्टोबरात आमच्या चिंचवडच्या क्लिनिकमध्ये मी मुलांना कणसाच्या पानांच्या बाहुल्या करायला बसवते. आजोळी मका सोलताना आम्ही अशाच करायचो. वाळलेली पानं भिजवायची, दुमडायची, मानेशी आणि कमरेशी दोरा गुंडाळून गाठ मारायची. एका हाताने हे जमत नाही, म्हणून तर हा खटाटोप. सनाची गाठ राहिली होती, ती मी घरी मारायला सांगितली होती.

सलीमभाईंना मी जरा तोडूनच बोलले. ते ओशाळले.

"मॅडम, दोरा निसटला की रडते ओ ती. बघवत नाही मला."

"बाहुली मला नकोच आहे, सलीमभाई. मला गाठ हवीय."

मला नंतर वाईट वाटलं.

पुढच्या शनिवारी सना मुंडकं लोंबणारी बाहुली घेऊन आली. पानं वाळली की आकसतात. मान बारीक झाली होती आणि टाय सैल. सलीमभाईंनी त्याचं शेपूट कापून टाकलेलं, आता ओढणार काय? त्यांचा हात सवयीने खिशात गेला. दुसरा टाय तयारच होता.

"अब्बू, तुम रहने दो," सना म्हणाली. "मैं करती."

मी टाय कापला, पानं पुन्हा भिजवली आणि दोरा तिच्यापुढे ठेवला. सलीमभाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. दोरा निसटला. तिने परत गुंडाळला, परत निसटला. मग टोक दातात धरायला ती वाकली, थांबली आणि उजवा हात वर आला. गाठ वेडीवाकडी बसली, पण घट्ट बसली. सलीमभाई खिडकीबाहेर बघत राहिले.

हल्ली मी पालकांनाही एक व्यायाम देते. मुलाशेजारी बसायचं आणि काहीही करायचं नाही. तो जमायला त्यांना मुलांपेक्षा जास्त दिवस लागतात.