वहिनींचा उलटा पखवाज

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. ठाण्याला, मुलाच्या घरी. मोबाईल त्यानेच माझ्या कानाला धरला. सीमाचा, म्हणजे वहिनींच्या सुनेचा नुसता "काकू…" एवढा आवाज ऐकला आणि पुढचं तिला सांगावंच लागलं नाही. दोन्ही हात कणकेत तसेच राहिले. मुलगा म्हणाला, "आई, हात तरी धू." त्याला काय सांगणार, की ज्या बाईसाठी मी इतकी वर्षं कणीक मळली, ती बाई पोळीला हातसुद्धा लावत नसे! आमचं रत्नागिरीचं घर भाताचं आणि भाकरीचं. गव्हाचं पीठ आमच्याकडे यायचं ते वहिनींच्या पखवाजासाठी.

वहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. थोरले भावोजी पोफळीला वीजगृहात नोकरीला, पंधरवड्याने घरी यायचे. त्यामुळे घर, गोठा, आंब्याची पाचपन्नास कलमं आणि सासूबाई हा सगळा कारभार वहिनींच्या डोक्यावर. मी लग्न होऊन आले ती ऐंशी सालाच्या आसपास. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातात टाळ दिले आणि म्हणाल्या, "आवाज कसा का असेना, तोंड उघडायला लाजू नकोस म्हणजे झालं." आमच्या वाडीतल्या बायकांचं भजनी मंडळ त्यांनीच उभं केलेलं. मंडळात सगळं होतं, नव्हता तो पखवाजवाला. पुरुषांतला एकजण यायचा, पण सणावाराला त्याला त्यांचं भजन आधी, आमचं मग. एका गोकुळाष्टमीला आम्ही नटूनथटून देवळात बसलो आणि तो आलाच नाही. नुसत्या टाळांवर भजन रेटलं. मागून कुणीतरी पुरुष म्हणाला, "बायकांचं भजन म्हणजे अळणी आमटी." घरी येताना वहिनी चिखलात पाय आपटत म्हणाल्या, "आता मीठ आपणच घालायचं गो शालन."

शिकवणार कोण? वाडीत जाणकार एकच, आप्पाकाका. सासऱ्यांचे चुलतभाऊ. उमेदीत त्यांचा पखवाज तालुक्यात गाजलेला, आता डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. वहिनी डोक्यावर पदर घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आप्पाकाकांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "शिकवतो. पण सूनबाय, तू सून आहेस. हात धरून शिकवायला मला येणार नाही. मी इथे बसतो, तू समोर बस. मी करतो तसं कर." झालं! ओटीवर ते आणि माजघराच्या उंबऱ्याच्या आत वहिनी, अशी शाळा सुरू झाली. पखवाज दोन होते, एक काकांनी आपल्या घरून आणलेला आणि एक सासऱ्यांचा, आमच्या माळ्यावर धूळ खात पडलेला.

आता पखवाज न पाहिलेल्यांना सांगते. त्याला दोन तोंडं. लहान तोंडावर काळी शाई असते, ते उजव्या हाताला. मोठं तोंड डाव्या हाताला, त्यावर भिजवलेल्या कणकेचा गोळा थापायचा, तेव्हा तो घुमतो. ती कणीक मळायचं काम माझ्याकडे आलं. फार घट्ट झाली तर आवाज बसतो, सैल झाली तर ओघळते. "तुझा हात बरा आहे, पोळ्या नाही जमल्या तरी चालेल," असं वहिनी मला चिडवायच्या. मीही कमी नव्हते. त्यांची बोटं सुजायची तेव्हा कोकमाचं तेल चोळता चोळता मी म्हणायचे, "मांडे करायला शिकला असतात तर इतक्यात सुगरण झाला असतात."

शिकणं कसलं, नुसता छळ होता. काका आधी तोंडाने बोल म्हणायला लावायचे. "तोंडात नाही ते हातात येत नाही." वहिनी भात वैरताना म्हणायच्या, गाईचं दूध काढताना म्हणायच्या, आणि हात कायम कशावर तरी चाललेले… तांदळाचा डबा, पाट, एकदा तर माझी पाठ. कित्येक दिवस त्या पखवाजातून ओल्या पत्र्यासारखा आवाज यायचा. त्या रडायच्याही. पदराने डोळे पुसून पुन्हा बसायच्या. काका डोळे मिटून ऐकायचे, "पुन्हा," म्हणायचे. आणि मग एका दुपारी, मी चुलीपाशी होते, माजघरातून असा खणखणीत "धा" आला की मी काका वाजवताहेत असं समजले. बाहेर येऊन बघते तर काका हात मांडीवर ठेवून बसलेले आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वहिनी वाजवत होत्या.

त्यानंतर आमचं मंडळ कुणाच्या बापावाचून अडलं नाही. पूर्णगडच्या देवळातल्या सप्त्याला आमंत्रण आलं तेव्हा तर आम्ही हवेतच होतो. एसटीत पखवाज वहिनींच्या मांडीवर, लेकरासारखा. कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्याचं अर्धं तिकीट काढू काय?" सगळ्या हसलो. तिकडे आमची पाळी आली. यजमान मंडळाच्या पखवाजवाल्या बुवांनी मोठ्या आदराने आमचाच पखवाज सुरात लावून वहिनींसमोर ठेवला. वहिनींनी तो उचलला आणि फिरवून घेतला. बुवा म्हणाले, "बाई, उलटा घेतलात." वहिनी म्हणाल्या, "नाही, असाच असतो." बुवांनी स्वतः बसून दाखवलं. शाई उजवीकडे, कणीक डावीकडे. देवळात हशा पिकला. मला तेव्हा कुठे उमगलं. काकांच्या समोर बसून, त्यांची शाई ज्या बाजूला दिसली त्याच बाजूला वहिनींनी आपली ठेवली होती. आरशात बघून शिकावं तसं सगळंच्या सगळं उलटं! काकांना दिसत नव्हतं, त्यांना फक्त ऐकू येत होतं, आणि ऐकायला तर ते बिनचूक होतं. आम्हा बाकीच्या टाळकुट्यांना त्यातलं कळत होतं काय? वहिनींनी सगळ्यांदेखत सरळ वाजवून बघितलं. हात लाकडाचे झाले. पुन्हा फिरवून घ्यायचा त्यांना धीर झाला नाही. आम्ही टाळांवरच भजन उरकलं. अळणी आमटी.

घरी येताच वहिनींनी पखवाज जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. मी दोनदा विषय काढला, दोनदा ओरडा खाल्ला. मला तेव्हा त्यांचं फार वाईट वाटलं होतं. त्या बाईने स्वतःसाठी म्हणून घेतलेली ती एकच गोष्ट होती हो… आणि तीच हसण्यावारी गेली. शेवटी मी जाऊन काकांना सांगितलं. ते काठी टेकत आले. पखवाज खाली काढायला लावला, मला कणीक मळायला सांगितली आणि ओटीवर बसून त्यांनी तो स्वतः उलटा घेतला. वाजवू लागले. काय सांगू, ज्यांच्या हाताला तालुका मान द्यायचा ते आप्पाकाका नवशिक्यासारखे धडपडले. बोल तुटत होते, बोटं अडखळत होती. हसावं की रडावं कळेना. थांबले आणि म्हणाले, "मला हे जन्मात जमायचं नाही. तुला जमलंय. सरळ करायला बसलीस तर माझं आयुष्य पुरायचं नाही सूनबाय. वाजव."

वहिनींनी पखवाज पुढे ओढला. उलटाच.

पुढच्या वर्षी पूर्णगडला गेलो तेव्हा त्याच बुवांनी पखवाज ठेवला तो शाई वहिनींच्या डाव्या हाताला येईल असा. आणि भजन संपल्यावर समोर येऊन नारळ दिला. त्यानंतर किती सप्ते, किती गणपती, त्याला हिशेब नाही. मी कायम वहिनींच्या उजव्या अंगाला, टाळ घेऊन. वाजवून झालं की कणीक खरवडून गाईला घालायची, तीही माझ्याच हाताने. सीमा सून म्हणून आली तेव्हा वहिनींनी तिला शिकवायला घेतलं. मी तोवर ठाण्याला मुलाकडे गेले होते, सणाला यायचे तेव्हा पखवाज वहिनींच्याच पुढ्यात असायचा. मी म्हटलं, "आता तरी शेजारी बसवा." तर म्हणाल्या, "नको. समोरच बसू दे." तेव्हा मला वाटलं, काकांची आठवण म्हणून.

यंदा गणपतीला मी घरी गेले. वहिनींना जाऊन महिनाही झाला नव्हता, सगळं साधेपणाने चाललेलं. आरतीला माणसं जमली, टाळ निघाले, पण पखवाज माळ्यावरच. सीमा दाराशी उभी. म्हणाली, "काकू, यंदा नको ना? बरं दिसेल का?" मी परातीत पीठ घेतलं. त्या दिवशी अर्धी राहिलेली कणीक जणू आता पुरी करत होते. मळता मळता डोळे गळत होते ते मी पुसले नाहीत. सीमाने पखवाज खाली आणला, लुगडं सोडलं, मांडी घालून बसली. शाई उजवीकडे, कणीक डावीकडे. अगदी सरळ. वहिनींच्या समोर बसून शिकली होती ना ती… उलट्याचं उलट, म्हणजे सरळ! बया, सगळं ठरवून केलं होतंस होय? आयुष्यभर "अहो वहिनी" म्हटलेल्या बाईला मी मनात पहिल्यांदाच एकेरी हाक मारली.

दरवर्षी मी शेजारी बसायचे. यंदा सीमाच्या समोर बसले. समोरून बघितलं तर शाई डावीकडे आणि कणीक उजवीकडे, वहिनींच्या शेजारी बसून इतकी वर्षं दिसायची तशीच. सीमाचे हात अजून थबकलेलेच होते. ती माझ्याकडे बघत होती.

मी टाळ उचलले आणि म्हटलं, "सूनबाय, वाजव."