काशीराम मेस्ताची विलायती गाडी

वालावलच्या खाडीत कुणाची होडी फुटली, की लोक आधी काशीराम मेस्ताकडे धावत आणि मग देवाकडे. देव निदान मुकाट ऐकून घेई. काशीराम मात्र आधी आईबापाचा उद्धार करी. ही फळी कुणी कापली, हा खिळा कुणी मारला, त्या मेल्याला हात आहेत की पाय, हे सगळं विचारून झालं, की मग तासणी हातात घेई. पण एकदा त्याचा हात लागला, की त्या होडीत थेंबभर पाणी शिरत नसे. आपल्या कामाला कुणी नाव ठेवलं तर तो भांडून मोकळा व्हायचा. त्याचं काम कुणी दुसऱ्याच्या नावावर खपवलं, तर मात्र आठ दिवस त्याला जेवण गोड लागत नसे.

आणि नशीब बघा, अशा माणसाच्या वाट्याला खोतांची गाडी आली.

खोतांनी १९३१ साली वेंगुर्ल्याच्या बंदरात ही विलायती मोटार उतरवून घेतली होती. अंग लाकडाचं, वर पत्रा, आत कातडी गाद्या. फिरवायला रस्ता कुठे होता म्हणा, पण हौसेला मोल नसतं. खाऱ्या वाऱ्याने पाच-सहा वर्षांत पत्र्याची चाळण केली. मोटारीचा मिस्त्री कुडाळातही मिळेना, तेव्हा खोतांनी काशीरामाला हाक मारली. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, दोन ठिकाणी टिचकी मारून बघितली आणि ही चार चाकांची होडीच आहे असं ठरवून टाकलं.

पुढची वीस वर्षं तो गाडीची डागडुजी करत राहिला. पत्रा गेला तिथे उंडीच्या लाकडाची फळी आली. समोरची घड्याळांची पाटी वाळवीने खाल्ली, तिथे फणसाची पाटी बसली. टायर विरले तेव्हा त्याने सुंभाचा दोर चाकांवर घट्ट गुंडाळून वर डांबर फासलं. दर उन्हाळ्यात होडीला देतात तसा गाडीलाही मुशी माशाच्या तेलाचा हात द्यायचा, हा नेम. त्यामुळे गाडीभोवती सदा गावातली सात-आठ मांजरं बसलेली असत. खोत रोज संध्याकाळी तासभर परसातल्या मांगरात जाऊन गाडीत बसायचे आणि मांजरं त्यांच्याकडे आशेने बघायची.

१९५४ साली खोतांच्या थोरल्याला शिडाच्या मचव्याला यंत्र लावायचं खूळ सुचलं. त्याने गाडीचं इंजिन काढून मचव्यात बसवलं आणि निवतीच्या खडकांपाशी मचव्यासकट बुडवलं. स्वतः पोहून आला, हे उपकारच. इकडे वजन गेल्यामुळे गाडीचं नाक वर झालं. काशीरामाने, रिकाम्या होडीत भरतात तसे, पुढे चार चिरे भरले आणि गाडी सरळ केली. पण झाकण उघडलं की आत दगड दिसायचे. त्याला लाज वाटली. मग त्याने आठवून आठवून फणसाच्या लाकडाचं इंजिन कोरलं. नळ्या, चाव्या, बारीकसारीक स्क्रूसुद्धा. आतून पोकळ ठेवून चिऱ्यांवर टोपीसारखं बसवलं आणि वर काळा रंग दिला. चार महिने लागले त्याला. खोत ते बघून म्हणाले की पहिल्यापेक्षा हेच बरं, निदान आवाज करत नाही.

खोत वारले. मागोमाग कुळकायद्यात जमिनी गेल्या. त्यांच्या बायकोपाशी, यमुनाबाईंपाशी, राहिलं एक घर आणि ही गाडी. घराच्या स्वयंपाकघरावर छप्पर नावालाच होतं. पावसाळ्यात त्या चुलीवर छत्री धरून भात शिजवत. खोटं वाटेल, पण मी सांगतो ते सगळ्या गावाने पाहिलंय.

अशात १९६१ साली मुंबईच्या एका शेठचं पत्र आलं. शेठला जुन्या विलायती गाड्या जमवायचा नाद होता. मात्र गाडी अस्सल पाहिजे, कारखान्यातून निघाली तशीच. पारखायला त्यांनी रविकांत सबनीस नावाचे गृहस्थ पाठवले. पांढरी पॅन्ट, खिशात भिंग, आणि हाताला डाग लागू नये म्हणून हातमोजे.

यमुनाबाईंनी आदल्या दिवशीच काशीरामाला बजावलं होतं, की तू हजर रहा, पण तोंड उघडू नको. आपण कुणाला फसवतो आहोत असं दोघांच्याही मनात नव्हतं. या काठावर होडी तळापासून डोलकाठीपर्यंत बदलली तरी ती तीच होडी असते. तिचा नारळ एकदा फुटला, नाव एकदा ठेवलं, संपलं. गाडीचा नारळ १९३१ सालीच फुटला होता.

सबनीसांनी भिंग काढलं. फणसाच्या पाटीवरून बोट फिरवून ते म्हणाले की हा इंग्लिश अक्रोड, असं काम आपल्याकडे सात जन्मांत व्हायचं नाही. सुंभाच्या चाकांपुढे तर ते गुडघ्यावर बसले. टायरांची अशी वीण आता विलायतेतही मिळत नाही म्हणाले. मुशीच्या तेलाचा वास खोलवर घेऊन, जुनं कातडं, जुनं कातडं, असं पुटपुटले. शेवटी त्यांनी झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. हे इंजिन एकदाही उघडलेलं नाही, अशी त्यांनी वहीत नोंद केली.

काशीराम मांगराच्या खांबाला धरून उभा होता. दर कौतुकाला त्याची छाती भरून येई आणि दर वेळी ते कौतुक विलायतेला जाई. सुपारी चावून चावून त्याचा जबडा दुखायला लागला. पण यमुनाबाईंकडे नजर गेली, की तो गप्प बसे.

मग सबनीस मागच्या डाव्या दरवाजापाशी आले आणि त्यांचं नाक आक्रसलं. तेवढा एक दरवाजा यमुनाबाईंनी तीस वर्षांत कुणाला बदलू दिला नव्हता. नवी नवरी म्हणून त्या त्याच दारातून गाडीत बसल्या होत्या. जहाजातून आलेली एवढीच वस्तू गाडीत उरली होती. सबनीसांनी तो दोनदा उघडझाप करून पाहिला आणि दाखला लिहिला: गाडी अस्सल, हा दरवाजा सोडून. त्यापायी किंमत निम्मी. खाली सही केली आणि कागद यमुनाबाईंच्या हाती दिला.

"कुणा गावठी सुतारानं ठोकून दिलाय," ते काशीरामाकडे वळून म्हणाले. "हात नव्हता हो त्या माणसाला."

झालं! इतका वेळ गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. काशीराम पुढे झाला, झाकण वर केलं, दोन्ही हातांनी इंजिन उचललं आणि बारशाचं पोर द्यावं तसं सबनीसांच्या हातांत दिलं.

"सायबानू, ह्यां जरा धरा," तो म्हणाला. "तो दरवाजो तेवढोच विलायती. बाकी सगळा माझ्या हातचा."

मांजरं तेवढी तेलाच्या वासाने जवळ सरकली. सबनीसांनी इंजिनावर टिचकी मारली. लाकूड वाजलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण शेठच्या आधीच्या अकरा गाड्याही, त्यातल्या बऱ्याच बडोद्याकडच्या, त्यांनीच पारखल्या होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, की तुमचे कुणी नातेवाईक बडोद्याकडे सुतारकाम करतात का?

पुढचं सगळं कुजबुजत ठरलं. इंजिन जागेवर जाईल. दाखला नवा होईल, किंमत पूर्ण मिळेल. दोनच अटी. तो दरवाजा काढून बाकीच्या गाडीला शोभेल असा अस्सल दरवाजा बसवायचा, आणि मेस्ताने हे जन्मात कुणाला बोलायचं नाही. काशीरामाने यमुनाबाईंकडे पाहिलं. एकदा फक्त घराच्या छपराकडे बघितलं त्यांनी. काशीरामाने मान हलवली आणि तासणी आणायला गेला.

नवव्या दिवशी ट्रक आला. सारा गाव लोटला. शाळेच्या गुरुजींनी दाखला मोठ्याने वाचला: विलायतेच्या निष्णात कारागिरांचं अस्सल काम, खिळासुद्धा बदललेला नाही. गावातल्या पोराटोरांनाही खरं काय ते ठाऊक होतं, पण सगळे मान डोलावत होते. काशीराम गर्दीच्या मागे उभा होता. त्याला रडू येत होतं आणि त्याचा त्याला संताप येत होता.

ट्रक धुरळ्यात दिसेनासा झाला. कुणीतरी म्हातारी हळहळली, की गेली बाई खोतांची गाडी.

"खोतांची गाडी खंय गेली?" यमुनाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी मांगराच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या जुन्या दरवाजाकडे बोट केलं. "ती ही हंय आसा. गेली ती काशीरामाची."